शून्य आणि रिकामा चौकोन

४ मार्च, मंगळवार

सुनेच्या डोळ्यावर पट्टी आहे आणि तिचं काम अर्धवट पडलं आहे, म्हणून मला लिहावं लागतंय. एक वही तिने मागितली आहे. तिच्या प्रोग्रॅममध्ये मी रोज कुठली ओळ बदलली ते त्यात टिपायचं. तिला दिसू लागलं की ती तपासणार. ही दुसरी वही माझी. त्या वहीत जे शोभणार नाही ते हिच्यात. घरात कुणाजवळ मन मोकळं करायची मला सवय नाही, आणि ह्यांना काही सांगावं तर हे आधी हसतात, मग ऐकतात.

उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. डावा डोळा लहानपणापासूनच अधू, त्याने दार कुठे आहे एवढंच कळतं. काल शस्त्रक्रिया झाली. डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरला आहे आणि त्याने पडदा मागे दाबून धरावा म्हणून मान सतत खाली हवी. खाणं, झोपणं, बोलणं, सगळं खाली मान घालून. जेवणाच्या टेबलाच्या टोकाला दोन उशा रचून दिल्या. त्यांवर कपाळ टेकून ती बसते आणि फरशीशी बोलते. लग्न होऊन आल्यापासून माझ्यासमोर इतका वेळ मान खाली घालून ती प्रथमच बसली आहे, असं हे म्हणाले. दोघं हसली. मी नाही.

काम रक्तपेढीचं आहे. त्यांची पाच केंद्रं. मुख्य केंद्रात भिंतीवर एक मोठा पडदा लावायचा. कुठल्या केंद्रात कुठल्या गटाच्या रक्ताच्या किती पिशव्या आहेत, ते त्यावर सतत दिसायला हवं. नोकरी सोडून सुनेने स्वतःच्या नावावर घेतलेलं हे पहिलंच काम. एकवीस तारखेला सुपूर्द करायचं आहे. रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर स्पष्ट विचारलं, "जमणार नसेल तर आज सांगा, आम्ही दुसऱ्या कुणाला देतो." सून फरशीकडे बघत म्हणाली, "जमेल."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "जमेल म्हणजे कसं? बोटं कुणाची?"

"तुमची, आई."

चिरंजीव जहाजावर इंजिनीअर. ते भर समुद्रात आहेत. ह्यांना टीव्हीचा रिमोट नीट चालवता येत नाही. राहिले मी. कॉलेजात गणित होतं, पुढे सगळा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. टाइप करता येतं. सून म्हणाली, "तुम्हाला समजायची काही गरज नाही. मी सांगते तसं करा." हे वाक्य मला आवडलं नाही.

आणखी एक. काल डॉक्टर मला पडद्याआड बाजूला घेऊन म्हणाले, की नजर किती येईल ते गॅस विरल्याशिवाय सांगता येणार नाही. मी विचारलं, होय की नाही? म्हणाले, "आत्ता दोन्ही नाही." असलं उत्तर घेऊन माणसाकडे कसं जायचं? मी आत गेले आणि सांगितलं, "सगळं उत्तम आहे. दिसणार आहे." विषय संपवला.

५ मार्च, बुधवार

दिवसभर टाइप केलं. कंस, महिरपी कंस, अर्धविराम. ती फरशीला सांगते, मी पडद्यावर उतरवते आणि परत वाचून दाखवते. एके ठिकाणी ती कंस मिटायला विसरली होती, ते मी दाखवलं. म्हणाली, "हे तुम्हाला कसं कळलं?" म्हटलं, उघडलेलं मिटलं नाही की मला शिंक अडकल्यासारखं होतं.

केस सारखे तिच्या तोंडावर येतात आणि बोलणं नीट ऐकू येत नाही. कामाचा खोळंबा नको म्हणून सकाळी मीच विंचरून घट्ट वेणी घातली. तिचा कंगवा माझ्या टेबलाच्या खणात ठेवला आहे.

७ मार्च, शुक्रवार

दुपारी ती झोपली. पालथी झोपते, गाल उशीत रुततो. उशी सरकली नाही ना ते पाहून आले, पुन्हा एकदा पाहून आले. मग स्वस्थ बसवेना, म्हणून तिचं जुनं लिखाण वाचत बसले. मुलीची बुद्धी चांगली आहे, पण हात सैल आहे. एकच शब्द ओळीओळीत. 'अवेट'. प्रत्येक केंद्राच्या नावाआधी अवेट, मोजणीआधी अवेट, जिथे तिथे अवेट. नवशिक्या लेखकांना 'खरोखर' शब्दाची अशीच खोड असते. ही पुनरुक्ती मी सगळीकडून काढून टाकली. मजकूर कसा स्वच्छ दिसायला लागला.

तिला सांगितलं नाही. उद्या तिच्याच लक्षात येईल.

८ मार्च, शनिवार

आलं लक्षात.

तिने प्रोग्रॅम चालवायला सांगितला. मी चालवला. "काय दिसतंय?" तिने विचारलं. पाचही केंद्रांसमोर पिशव्यांच्या आकड्याच्या जागी एकच मजकूर होता, तो मी वाचून दाखवला: ऑब्जेक्ट प्रॉमिस. सगळ्या चौकोनांत तेच.

"असं कसं होईल? अवेट आहे ना तिथे?"

"होता."

"होता म्हणजे?"

"फार वेळा आला होता. मी काढला."

 उशा हलायला लागल्या. मला वाटलं रडते आहे. मी खाली वाकून बघितलं, तर बाई हसत होती, इतकी की हुंदके येत होते. "आई, मला हसवू नका, बुडबुडा हलेल." आतून हे धावत आले. अवेट म्हणजे 'थांब' आणि मी तोच काढला, हे कळलं तेव्हा तेही टेबल धरून हसायला लागले. म्हणाले, "अगं पोरी, हिने तर घरातूनच थांबणं काढून टाकलंय. तुझ्या प्रोग्रॅमची काय कथा? हिचं सगळं पी हळद आणि हो गोरी."

मी चहा ठेवायला निघून गेले. ह्यांच्या कपात साखर घातली नाही.

चहानंतर तिने नीट समजावलं. ते समजायची गरज नाही, असं या वेळी म्हणाली नाही.

प्रत्येक केंद्राकडे "तुमच्याकडे किती पिशव्या?" असा प्रश्न जातो. उत्तर यायला वेळ लागतो, कधी क्षणभर, कधी बराच. प्रोग्रॅम तोवर ताटकळत नाही. विचारणारं फंक्शन लगेच परत येतं, पण हातात आकडा घेऊन येत नाही. आकडा येईल अशी हमी घेऊन येतं. त्या हमीचं नाव प्रॉमिस. तिची अवस्था तीनपैकी एक असते: अजून यायचंय, आलं, किंवा येणार नाही असं कळलं. अवेट लिहिलं की ती ओळ तिथे थांबते, हमी पुरी होऊ देते आणि आतला खरा आकडा हातात घेऊनच पुढे सरकते.

"म्हणजे लेखकाकडे प्रूफ पाठवलं आणि पोच आली," मी म्हटलं.

"पोच?"

"प्रूफ मिळालं, अशी सही. ती सही म्हणजे दुरुस्त केलेलं प्रूफ नव्हे. मी पोचच छापायला दिली."

 ती म्हणाली, "हे मला कॉलेजात कुणी असं सांगितलं असतं तर माझे किती दिवस वाचले असते."

शाबासकीची मला गरज नाही. लिहून ठेवते आहे एवढंच.

१० मार्च, सोमवार

सगळे अवेट जागच्या जागी परत लावले. ज्या फंक्शनमध्ये अवेट आहे त्याच्या माथ्यावर 'असिंक' असा शिक्का लागतो. आणि असा शिक्का असलेलं फंक्शनही स्वतः हमीच देतं, आकडा नाही. म्हणजे त्याला हाक मारणाऱ्यानेही थांबायचं, आणि त्या हाक मारणाऱ्याला हाक मारणाऱ्यानेही. मी म्हटलं, "एका घरात एकाने थांबायचं ठरवलं की सगळ्यांनाच थांबावं लागतं." फरशीकडून उत्तर आलं, "आता तुम्हाला खरंच कळलं."

आकडे आले. पण रांगेने, एकाचं उत्तर येईपर्यंत दुसऱ्याला प्रश्नच जात नाही. पडदा भरायला इतका वेळ लागला की हे मधे येऊन विचारून गेले, "लाइट गेलेत का?"

चिरंजीवांचा फोन आला. आवाज तुटत होता. त्यांना म्हटलं, तुमची बायको ठीक आहे, पथ्य पाळते आहे, कामही चालू आहे, काळजीचं कारण नाही. फोन तिच्या कानाशी धरला आणि मी बाहेर गेले. आत आले तेव्हा ती त्यांना सांगत होती, "आईंना माझं बोलणं ऐकू येत नाही म्हणून त्या रोज माझी वेणी घालतात." यात सांगण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

१२ मार्च, बुधवार

आज पाचही प्रश्न एकदम पाठवले आणि सगळ्यांची मिळून एकदाच वाट पाहिली. त्यालाही एक शब्द आहे, 'प्रॉमिस ऑल'. पडदा लगेच भरला. मी टेबलावर हात आपटला. सून म्हणाली, "आई, तुम्ही टाळी वाजवलीत?" म्हटलं, माशी होती.

दुपारी पाचांपैकी डोंगरावरच्या केंद्राची इंटरनेटची लाइन तुटली आणि अख्खा पडदा कोरा झाला. बाकीच्या चार केंद्रांनी उत्तरं दिली होती, तीही गेली. सून म्हणाली, प्रॉमिस ऑलची रीतच ही. एकाची हमी मोडली की ते सगळा डाव उधळतं.

"चौघांचा काय दोष?" मी विचारलं.

"म्हणून दुसरा प्रकार घेऊ. 'ऑल सेटल्ड'. तो पाचही जणांचं काय ते ठरू देतो, आणि मग एकेकाचं सांगतो: याचं आलं, हा घ्या आकडा. याचं आलं नाही, हे घ्या कारण."

हे दारातून म्हणाले, "मला हा आवडला. आपल्याकडे लग्नकार्यात असा एखादा असायला हवा."

डोंगरावरचं केंद्र कधी कधी नाहीही म्हणत नाही आणि होही म्हणत नाही, गप्पच बसतं. त्याला किती वेळ द्यायचा याचीही मर्यादा घातली. मर्यादा मी कमी सांगितली होती. तिने वाढवायला लावली.

१५ मार्च, शनिवार

आज बोलाचाली झाली.

उत्तर न आलेल्या केंद्रापुढे काय दाखवायचं ते तिने सांगून ठेवलं नव्हतं. ती विश्रांती घेत होती तेव्हा मी तिथे शून्य घातलं. तक्त्यात रिकामा चौकोन मला बघवत नाही. छापखान्यात रिकामी जागा दिसली की ओळ पडली असं समजायचं, अशी इतक्या वर्षांची नजर.

उठल्यावर तिने पडदा वाचायला सांगितला. मी वाचला. डोंगरावरच्या केंद्रापाशी आले. "शून्य, शून्य, शून्य..."

"थांबा. त्यांची लाइन चालू आहे का?"

"नाही."

"मग शून्य कुणी सांगितलं?"

"मी घातलं. रिकामं बरं दिसत नव्हतं."

तिने मान वर उचलली. उचलायची नाही, हे तिलाही माहीत होतं. मी ओरडले, "मान खाली!" तिने मान खाली घातली, पण आवाज खाली आला नाही.

"आई, शून्य म्हणजे तिथे रक्त नाही. रिकामं म्हणजे आपल्याला माहीत नाही. या दोन गोष्टी एक नाहीत. तिकडे एखादी बाळंतीण अडली असेल. पडद्यावर शून्य बघून त्या केंद्राला कुणी फोनसुद्धा करणार नाही, आणि पिशव्या तिथेच शीतकपाटात पडून राहतील. अवेट काढलात तर पडदा वेड्यासारखा दिसतो, चूक सगळ्यांना कळते. हे शून्य खरं दिसतं."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. ओटा पुसला, मग पुसलेला ओटा पुन्हा पुसला. ह्यांनी आत येऊन काही म्हणायला तोंड उघडलं आणि माझा चेहरा पाहून मिटलं. इतक्या वर्षांत एवढं त्यांना जमायला लागलं आहे.

तिचंच बरोबर होतं. ते मला उठतानाच कळलं होतं. फडकं पिळताना दुसरंच आठवलं. डॉक्टर म्हणाले होते, आत्ता दोन्ही नाही. तो चौकोन रिकामा होता. मी त्यात माझ्या मनाने उत्तर भरलं आणि नेऊन तिच्या हातात दिलं. शून्य नाही घातलं, चांगला आकडा घातला. पण आलेला नव्हता तो.

बाहेर येऊन तिच्यासमोर फरशीवर बसले. गुडघे दुखले. पण खाली बसल्याशिवाय तिचा चेहरा दिसत नाही.

म्हटलं, "डोळ्याचं मी तुला चुकीचं सांगितलं. डॉक्टरांना अजून माहीत नाही. येईल, न येईल, थोडं येईल, काहीही होऊ शकतं. गॅस गेल्यावर कळेल."

"माहीत आहे."

"कसं?"

"पट्टी डोळ्याला होती, आई. तुम्ही पडद्यापलीकडे होतात. आणि तुम्हाला वाटतं की तुम्ही हळू बोलता."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या ठासून सांगितलंत, की खोटं आहे हे माहीत असून मला धीर आला."

"खोटं नव्हतं," मी म्हटलं.

"नव्हतं. आलेलं नव्हतं."

मग तिने विचारलं, नाहीच आलं तर? हे पहिलं काम तेच शेवटचं ठरलं तर? माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. मी ते गिळलं. म्हटलं, "मला माहीत नाही." आणि तिथेच बसून राहिले. किती वेळ ते पाहिलं नाही. वाट बघायची म्हणजे हातात काही न घेता बसायचं, हे मला नीट येत नाही. तिने उशीवरून हात खाली सोडला, तो गार होता, म्हणून धरला.

संध्याकाळी शून्य काढलं. त्या जागी तिने सांगितलेला मजकूर घातला: 'माहिती आलेली नाही. फोन करा.' खाली त्या केंद्राचा फोन नंबर घालायची कल्पना माझी.

१८ मार्च, मंगळवार

तपासणी. मान वर करायची परवानगी मिळाली. गाडीत ती सारखी छताकडे, खिडकीकडे बघत होती, फारसं काही दिसत नसतानाही. म्हणाली, डोळ्यात पाण्याची पातळी दिसते, ती डोक्याबरोबर डुचमळते. रेषेच्या वर थोडं थोडं उजळलं आहे, खाली सगळं धूसर. तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर तिने वाचलं.

डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "पुढचं..."

"गॅस गेल्यावर," मी म्हटलं. "तिलाच सांगा. ती इथेच आहे."

डॉक्टर चपापले. सून माझ्या दंडाला धरून उभी होती. तिने दंड दाबला. पायरी आली असेल असं वाटून मी खाली बघितलं. पायरी नव्हती.

२० मार्च, गुरुवार

सारा प्रोग्रॅम पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. ती डोळे मिटून ऐकत होती. एक अवेट राहिला होता, तो मला सापडला. तिला सांगितलं नाही, लावून टाकला. मग वाटलं हेही बरं नाही, म्हणून सांगितलं, आणि तिच्या वहीत लिहिलं.

हे म्हणाले, "उद्या तू बोलू नकोस, तिला बोलू दे." मी कधी मधे बोलते?

२१ मार्च, शुक्रवार

रक्तपेढीत गेलो. भिंतीवर पडदा, समोर खुर्च्यांवर त्यांची माणसं. डॉक्टरीणबाईंनी हातात पेन धरलं होतं आणि त्या सारखं त्याचं टोक दाबत होत्या. या बाईंशी माझं जमलं असतं.

सुनेने सुरू करा म्हटलं. मी कळ दाबली. चार केंद्रांचे आकडे आले. पाचव्या रांगेत आकडा नाही, नुसती एक ओळ. मिनिट सरलं नसेल, पण कुणीतरी खोकलं. माझा हात कीबोर्डकडे गेला. काय करायला गेला होता ते मला ठाऊक नाही. मी तो दुसऱ्या हाताखाली दाबून ठेवला.

"तिथे काय झालं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सून खुर्चीतून उठली. पडद्याजवळ गेली, अगदी जवळ, नाक टेकेल इतकी. हनुवटी खाली घेतली, डोळा वर लावला. पाण्याच्या रेषेच्या वरून बघत होती, हे खोलीत मला एकटीलाच कळलं असेल. आणि तिने स्वतः वाचलं, सावकाश, एकेक अक्षर जोडत:

"मा-हि-ती आलेली नाही. फोन करा."

डॉक्टरीणबाईंनी तिथूनच डोंगरावर फोन लावला. लाइन तुटली होती. पिशव्या होत्या. पलीकडच्या माणसाने गटवार आकडे सांगितले. बाई पेन मिटून म्हणाल्या, "आमच्या आधीच्या पडद्यावर अशा वेळी शून्य यायचं. आम्ही विश्वास ठेवायचो." मग सुनेकडे वळून, "पुढच्या महिन्यात दुसऱ्या मजल्याचंही काम आहे. डोळा कसा आहे तुमचा?"

"अजून कळलं नाही," सून म्हणाली. स्पष्ट आवाजात, मान ताठ ठेवून.

"कळलं की सांगा. तोवर काम थांबवून ठेवते."

ह्यांना डोळे पुसायची वाईट खोड आहे. माझ्याही डोळ्यांत त्या पडद्याचा उजेड गेला होता.

२४ मार्च, सोमवार

सुपूर्द केल्याची नोंद.

रक्तपेढीला: प्रोग्रॅम, चालता. पाचही केंद्रांच्या जोडण्या तपासून. वापरायची सूचनापत्रं, मी शुद्धलेखन तपासलेली. डॉक्टरीणबाईंची सही घेतली, ती पोच आहे, हे मला माहीत आहे.

सुनेला: तिची खुर्ची आणि कीबोर्ड. अक्षरं मोठी करून ती रोज थोडा वेळ बसणार आहे. तिची वही, रोजच्या बदलांची, अवेट काढल्याच्या दिवसासकट. ते पान फाडावं असं मनात आलं होतं. फाडलं नाही.

डोळा: माहिती आलेली नाही.

कंगवाही खणातून काढून तिला परत दिला. मान वर झाली आहे, आता केस तोंडावर येत नाहीत, कामाचा खोळंबा नाही. तिने तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि माझ्याकडे पाठ करून खुर्चीत बसली. कंगवा खांद्यावरून मागे धरला.

घेतला परत.